श्रोत्याचे मत आणि 'चाल' : वर्धा जिल्ह्यातील लोकप्रिय गीतांच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन (१९६५–१९७०)

चित्रपटगीते आणि भावगीते यांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुतेक करून निर्मात्यांच्या बाजूने. गीतकाराने शब्द केव्हा लिहिले, संगीतदिग्दर्शकाने चाल कशी बांधली, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गायिकेस पडसे होते की नव्हते, येथपर्यंतचा तपशील जिज्ञासूस मिळू शकतो. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या श्रोत्याविषयी मात्र 'गाणे लोकांना आवडले' या तीन शब्दांपलीकडे मजकूर सापडत नाही. कोणत्या लोकांना आवडले, त्यातले नेमके काय आवडले, आणि जे आवडले नाही त्याचे त्यांनी काय केले, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात ते वर्धा जिल्ह्यापुरते आणि १९६५ ते १९७० या काळापुरते विचारले आहेत. क्षेत्र लहान घेतले ते केवळ सोयीसाठी नव्हे. गीत कशासाठी असते याविषयी दोन अत्यंत निश्चित आणि परस्परविरोधी मते या जिल्ह्यात त्या काळी शेजारी शेजारी नांदत होती, आणि त्या दोहोंमधून श्रोत्यास आपला मार्ग काढावा लागत होता.

पहिले मत प्रार्थनाभूमीचे. १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगाव म्हणजे आजच्या सेवाग्राम येथे राहावयास आले, तेव्हा सकाळ-सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेचा साबरमतीचा परिपाठही त्यांच्याबरोबर आला. या प्रार्थनेत गाइली जाणारी पदे 'आश्रम भजनावली'तील असत. हा संग्रह विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी सिद्ध केला होता, आणि त्यातील पदांच्या निवडीत व गायकीत एक शास्त्रशुद्ध संयम होता. त्याआधीच, १९३०–३१ मध्ये, विनोबांनी वर्ध्यास 'गीताई' रचली होती. १९३२ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि घरोघर म्हटली जाऊ लागली. 'गीताई' कंठस्थ करावयाची, तीत गायकाने स्वतःची हौस मिसळावयाची नाही, असा दंडक कोणी लिहून ठेवला नसला तरी पाळला जात असे. गीत हे चित्तशुद्धीचे साधन आहे, करमणुकीचे नव्हे, हा या परंपरेचा आधारभूत विचार होय. चित्रपटाविषयी गांधीजींस आस्था नव्हती. १९४४ मध्ये त्यांनी 'रामराज्य' पाहिला, हा अपवाद म्हणूनच सांगितला जातो. १९६० मध्ये विनोबांनी इंदूर येथे अशोभनीय भित्तिचित्रांविरुद्ध चळवळ केली, तिचा रोखही मुख्यतः चित्रपटांच्या जाहिरातींवर होता. १९६५ नंतरची काही वर्षे विनोबा बिहारात ग्रामदानाच्या यात्रेत होते व १९७० मध्ये पवनारास परतले. तेव्हा ज्या काळाचा आपण विचार करीत आहोत त्यातील बहुतेक दिवस ते जिल्ह्यात नव्हते. परंतु त्यांचे मत येथे होतेच.

दुसरे मत आकाशवाणीवरून आले, आणि त्याचा इतिहास थोडा वाकडा आहे. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. वर्ध्याहून नागपूर सुमारे ७५ किलोमीटर. त्यामुळे ज्याच्या घरी यंत्र आणि टपालकचेरीचा परवाना असेल त्यास नागपूर सहज ऐकू येई. परंतु १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीतांचे दिवस पालटले. केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार. श्रोत्याची अभिरुची सुधारणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे ते प्रामाणिकपणे मानीत. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, या भूमिकेवरून निर्मात्यांशी वाद झाला आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ लुप्त झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र हिंदुस्थानभर कोलंबोच्या स्वाधीन झाली. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, 'विविध भारती' काढून सरकारने आपले पाऊल मागे घेतले. १९६६ मध्ये चंदा समितीचा अहवाल आला, आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी 'विविध भारती'वर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. या सेवेचा प्रारंभ ज्या तीन शहरांतून झाला ती मुंबई, पुणे आणि नागपूर ही होत. देशातील इतर मोठी शहरे मागाहून आली. म्हणजे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव येथील श्रोता या नव्या व्यवस्थेच्या पहिल्या दिवसापासूनच्या श्रोतृवर्गात होता. शॉर्टवेव्हवरील कोलंबोची खरखर सोसण्याची त्याला आता गरज उरली नव्हती. ट्रान्झिस्टर याच सुमारास शेतावर आणि पानाच्या ठेल्यावर पोचू लागला होता.

हिंदी गीत वर्धा जिल्ह्यात परके नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्यप्रदेशात म्हणजे हिंदी-मराठी द्वैभाषिक राज्यात होता. त्यानंतर तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. शिवाय राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून वर्ध्यासच आहे. 'प्रवेश', 'परिचय', 'कोविद' या तिच्या परीक्षा देणारा विद्यार्थी शुद्ध हिंदी शिकत होता आणि घरी येऊन रेडिओवरची हिंदी ऐकत होता. या दोन हिंदींचे नाते मोठे मनोरंजक आहे. १९६७ मध्ये 'गीतमाले'च्या वार्षिक यादीत 'मिलन' चित्रपटातील मुकेश आणि लता मंगेशकर यांचे जे द्वंद्वगीत पहिले आले, त्यात एक अशिक्षित नावाडी सुशिक्षित मुलीला गाणे शिकवितो आणि तिने 'शोर' असा शुद्ध उच्चार केला असता तो सुधारून 'सोर' असा म्हणावयास लावतो. राष्ट्रभाषेच्या परीक्षकाने ज्याचे गुण कापले असते, त्याच उच्चारावर वर्षातील सर्वांत लोकप्रिय गीत उभे होते. उलट त्या काळच्या मराठी चित्रपटातील ग्रामीण गीते ऐकली तर त्यांतील बोली कोल्हापूर-साताऱ्याकडची. 'साधी माणसं' (१९६५) किंवा 'केला इशारा जाता जाता' (१९६५) यांतील गीते वर्ध्यातही आवडली असतील. पण वऱ्हाडी बोलणाऱ्या शेतकऱ्यास ती आपल्या बांधावरची वाटली असतील असे आम्हांस वाटत नाही. भाषेच्या दृष्टीने त्याला मुंबईची हिंदी आणि कोल्हापूरची मराठी सारख्याच अंतरावर होत्या.

आता श्रोत्याच्या मताची साधने कोणती, याचा विचार करू. सामान्यतः तीन साधने पुढे केली जातात : फर्माइशीची पत्रे, लोकप्रियतेच्या याद्या आणि वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी.

फर्माइशीच्या पत्रांवरून काही सिद्ध करणे कठीण आहे. आज झारखंडात असलेल्या झुमरी तलैया या गावाचे नाव रेडिओवर इतके ऐकू येई की असे गाव खरोखर आहे काय, याची लोकांस शंका येत असे. आपल्याच हावडा-मुंबई लोहमार्गावरील राजनांदगाव आणि भाटापारा ही गावेही अशीच गाजली. परंतु ही पत्रे पाठविणारी मंडळी थोडी आणि उत्साही असत. गीत ऐकण्याइतकेच आपले नाव ऐकण्यात त्यांना सुख होते. त्यात काही वावगे नाही. मात्र हे मत गीताविषयीचे नव्हे.

याद्यांचे स्वरूप वेगळे. 'गीतमाला' प्रारंभी पत्रांवर आणि पुढे ध्वनिमुद्रिकांच्या खपावर व श्रोता-संघांच्या पसंतीवर आधारलेली होती. ज्याच्या घरी ग्रामोफोनच नाही त्या आर्वीच्या कापूसवेचणाऱ्या मजुराचे मत तीत येण्याचा संभव नव्हता. तरीही ही यादी समकालीन आहे, आणि हा गुण लहान नव्हे. तिच्यात १९६६ मध्ये 'सूरज'मधील महंमद रफी यांचे गीत पहिले आले. त्यानंतर ओळीने चार वर्षे, 'मिलन' (१९६७), 'शागिर्द' (१९६८), 'इंतकाम' (१९६९) आणि 'दो रास्ते' (१९७०) या चित्रपटांतील गीतांनी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडेच पहिले स्थान राहिले.

या यादीशेजारी आठवणी ठेवून पाहाव्यात. १९६९ सालचे गाजलेले गीत कोणते, असे आज कोणाही सत्तरी ओलांडलेल्या रसिकास विचारले तर तो बहुधा 'आराधना' आणि किशोरकुमार ही नावे घेईल. 'इंतकाम' हे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येईल. याचे एक कारण सरळ आहे : 'आराधना' वर्षाच्या उत्तरार्धात प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची गीते त्या वर्षाच्या यादीत वर चढण्यास पुरेसा अवधीच नव्हता. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. 'आराधना'ची गीते त्यानंतरची पन्नास वर्षे पुन:पुन्हा वाजत राहिली, 'इंतकाम'चे गीत तितके वाजले नाही. वृद्ध श्रोता आपल्याला १९६९ ची आठवण सांगतो असे आपण समजतो. वास्तविक तो त्यानंतरच्या सर्व वर्षांची बेरीज सांगत असतो. 'तो काळच सोन्याचा होता' हे मतही असेच मागाहून तयार झालेले आहे. मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी या बाबतीत विशेष सावध राहावे. माणसे खोटे बोलतात म्हणून नव्हे. गाणे ही वस्तूच अशी आहे की ती प्रत्येक वेळी ऐकताना मागच्या वेळेची आठवण पुसून तिच्या जागी स्वतः बसते.

खेड्यातील श्रोत्यास त्याचे मत विचारण्याचे पद्धतशीर प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे नाही. १९५६ मध्ये मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, दीडशे खेड्यांमधून, आकाशवाणी आणि युनेस्को यांनी श्रोतृमंडळांचा जो प्रयोग पुणे केंद्रावरून केला तो जगभर नावाजला गेला. परंतु त्यात विचारणा होती ती शेती, आरोग्य आणि ग्रामसुधारणा यांविषयीच्या कार्यक्रमांची. गाण्याविषयी खेडुतास काही मत असेल आणि ते टिपून घेण्याजोगे असेल, ही कल्पना योजकांना सुचली नाही. शिवाय वर्धा जिल्हा त्या पाचांत नव्हता.

तेव्हा दुसरे एखादे साधन शोधणे प्राप्त आहे, आणि आमच्या मते ते जत्रेत विकल्या जाणाऱ्या चार-आठ आण्यांच्या गीतपुस्तिकांमध्ये आहे. पदाच्या डोक्यावर कंसात एक ओळ छापलेली असते : 'चाल', आणि त्यापुढे ज्या गीताच्या चालीवर हे पद म्हणावयाचे त्या गीताचे पहिले शब्द. हिंदी पदांवर 'तर्ज' असे असते. या ओळीकडे आजवर कोणी साधन म्हणून पाहिलेले नाही. ती केवळ गाणाऱ्याच्या सोयीची सूचना मानली जाते. परंतु सूचना कोणी, कोणास आणि का दिली, असे विचारताच तिचे स्वरूप पालटते. पदकर्ता स्वतः श्रोता होता. ऐकलेल्या शेकडो गीतांतून त्याने एक उचलले. त्याची चाल ठेवली आणि शब्द टाकून दिले. गीताविषयी याहून स्पष्ट मत कोणी वृत्तपत्रात लिहिले असते तरी देऊ शकला नसता.

ही प्रथा चित्रपटाने आणली असे समजणे चूक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'ची (१८८२) जुनी छापील प्रत उघडली तर पदापदावर अशी 'चाल' दिलेली आढळते. कधी ती लावणीची असते, कधी कीर्तनातील पदाची, कधी कानडी गीताची. आज ज्यास आपण अभिजात नाट्यसंगीत म्हणतो त्याची पहिली पिढी बव्हंशी उसन्या चालींवर वाढली. गणेशोत्सवातील मेळ्यांनी पुढे नाटकातील पदांच्या चाली घेतल्या, आणि बोलपट आल्यावर बोलपटाच्या. तेव्हा १९६७ मध्ये आर्वी तालुक्यातील एखाद्या भजनी मंडळाने रेडिओवरील चाल उचलली, तर ते किर्लोस्करांच्या मार्गानेच जात होते. फरक इतकाच की किर्लोस्करांना रंगभूमी मिळाली आणि भजनी मंडळाला ओसरी.

कोणत्या चाली उचलल्या जातात आणि कोणत्या नाहीत, याचा विचार केला म्हणजे निवडीमागील विवेक दिसू लागतो. भजनी मंडळात म्होरक्या एक ओळ म्हणतो आणि झिलकरी ती उचलतात. यासाठी ध्रुवपद लहान हवे. स्वरांचा पल्ला असा हवा की वीसजणांच्या गळ्यांतून तो एकदम निघावा. आणि ठेका केरवा किंवा दादरा यांसारखा सुटसुटीत हवा, की जो ढोलकी, तबला अथवा खंजिरी यांवर कोणासही धरता यावा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गीतांत ढोलकाचे प्राबल्य सर्वश्रुत आहे. त्यांच्या चाली सहज भजनात जाव्यात यात नवल नाही. त्या जणू अर्ध्या वाटेवर येऊनच थांबलेल्या होत्या. 'सूरज'मधील रफींचे गीत शिवरंजनीच्या स्वरांत आहे. हे स्वर भजनाच्या गळ्यास परके नव्हतेच. तेथे केवळ वाद्यमेळ वजा करावयाचा होता. उलट 'तीसरी मंझिल'मध्ये (१९६६) राहुलदेव बर्मन यांनी जे केले ते पाश्चात्य वाद्यवृंदावाचून उभेच राहत नाही. ते ऐकावयास तरुणांना आवडले असेल, नव्हे आवडलेच. पण ओसरीवर बसून ते कोणी गाऊ शकत नव्हता. यादीत दोन्ही प्रकारची गीते लोकप्रिय म्हणून एकाच रकान्यात बसतात. 'चाल'च्या ओळीत ती वेगळी होतात. 'ऐकण्यास बरे' आणि 'घेण्यास बरे' हा भेद श्रोत्याने केला होता. आपल्या अभ्यासकांनी अद्याप केलेला नाही.

विदर्भात या विषयाचा विचार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवाचून होऊ शकत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मस्थान आणि मोझरी ही कर्मभूमी. वर्धा नदी ओलांडली की आष्टी-आर्वीचा मुलूख लागतो, आणि त्या मुलुखात खंजिरीचा आवाज सर्वांच्या ओळखीचा होता. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामास सुमारे महिनाभर राहिले होते. म्हणजे ज्या प्रार्थनाभूमीचा वर उल्लेख केला तिच्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. तरीही त्यांची रीत खऱ्यांच्या भजनावलीची नव्हती. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी विपुल भजने रचली, आणि त्यांच्या संग्रहांत भजनावर 'तर्ज' दिलेली आढळते. लोकांच्या जिभेवर जी चाल आहे तीच घ्यावी आणि तीत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण यांचा उपदेश घालावा, ही त्यांची पद्धत होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निर्वाण झाले. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी भजन पुढे चालविले. तेव्हा 'फिल्मी चालीवरचे भजन म्हणजे भ्रष्टता' असे जे सुशिक्षितांत म्हटले जाई, त्याला विदर्भात एक मोठे उत्तर आधीच मिळालेले होते. गंमत अशी की या मंडळांचे मुख्य स्वरवाद्य जी हार्मोनियम, ती आकाशवाणीने १९४० पासून बहिष्कृत केली होती आणि हा बहिष्कार १९७१ पर्यंत टिकला. श्रोता ज्या पेटीवर आपले मत वाजवून दाखवीत होता, तीच पेटी सरकारी केंद्राच्या दृष्टीने अभारतीय होती.

भीमगीतांची कथा याहून निराळी आहे आणि ती तितक्याच काळजीने समजून घेतली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्या दिवशी वर्धा जिल्ह्यातूनही माणसे गेली. दीक्षेबरोबर देवादिकांची पूजा सुटली, आणि पूजेबरोबर तिची गाणीही सुटली. ज्या समाजात भजन, भारूड, जागरण यांची परंपरा मोठी होती त्याच्या कंठात एकाएकी पोकळी निर्माण झाली. ती भरून काढण्यास शब्द होते. वामनदादा कर्डक यांच्यासारखे प्रतिभावान गीतकार होते. १९३० नंतरच्या आंबेडकरी जलशांचा वारसाही होता. परंतु रोज नवे गीत गावयाचे आणि ते सभेला जमलेल्या सर्वांस तत्काळ म्हणता आले पाहिजे, तर चाल ओळखीची हवी. जुन्या देवळातील चाल मनास नको होती. उरली ती रेडिओची आणि चित्रपटाची. ती कोणत्याही देवाची नव्हती, कोणत्याही जातीची नव्हती, आणि ती गावयास कोणाची अनुमती लागत नव्हती. भीमगीतांतील चित्रपटांच्या चालींस 'उसनवारी' म्हणणाऱ्या समीक्षकांनी हे कारण लक्षात घेतलेले नाही. येथे चालीची निवड हे केवळ अभिरुचीचे मत नव्हते, तो एक सामाजिक निर्णय होता. विजयादशमीस दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांमधील 'चाल'च्या ओळी या दृष्टीने वाचल्या गेल्या पाहिजेत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चाल उचलली यावरून गीत आवडले असे ठरते काय? कदाचित ते केवळ कानावर फार पडत असेल. परिचय निराळा, पसंती निराळी. हे आम्हांस मान्य आहे. एकाच पुस्तिकेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. परंतु रेडिओवरून सर्वांच्याच कानी सारखीच पडणारी काही गीते अनेक मंडळांच्या, अनेक पंथांच्या पुस्तिकांत पुन:पुन्हा येत असतील आणि काही एकदाही येत नसतील, तर तो फरक परिचयाने समजावून देता येणार नाही. जेथे भजन आणि भीमगीत या दोन परस्परांपासून दूर असलेल्या मंडळ्या एकच चाल घेतात, तेथे तर ती चाल वर्ध्याच्या श्रोत्याने मान्य केली असे म्हणण्यास हरकत नसावी.

सर्वच गीतांचे शब्द टाकून दिले गेले असेही नाही. काही गीते श्रोत्याने शब्दांसह स्वीकारली, मात्र चित्रपटातून काढून. 'सूरज'चे गीत वरातीच्या बँडवाल्यांनी घेतले ते आजतागायत सोडलेले नाही. 'नीलकमल'मधील (१९६८) मुलीच्या पाठवणीचे गीत लग्नाच्या मांडवात शिरले. त्या चित्रपटाची कथा काय होती हे रडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. 'उपकार'मधील (१९६७) महेंद्र कपूर यांच्या देशभक्तिपर गीताने शाळेतील झेंडावंदन गाठले. सर्वांत बोलके उदाहरण थोडे आधीचे आहे : व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटात भरत व्यास यांनी लिहिलेली आणि वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना देशभर शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. पुढे 'गुड्डी'तील (१९७१) प्रार्थनेचेही तेच झाले, आणि तिचेही संगीत वसंत देसाई यांचेच. चित्रपटास अस्पृश्य मानणाऱ्या प्रार्थनाभूमीच्या अंगणात चित्रपटगीत प्रार्थना होऊन आले, आणि बहुतेकांनी ते कोठून आले हे विचारले नाही. केसकरांना जे सरकारी आज्ञेने साधले नाही ते, म्हणजे चांगल्या-वाइटाची निवड, श्रोता विनाआज्ञा करीत होता; फक्त त्याची कसोटी रागदारीची नव्हती. हे गीत कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल, अशी ती कसोटी होती. केसकरांविषयी अनुदारपणे बोलण्याची आमची इच्छा नाही. त्यांच्यामुळे आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला जे स्थान मिळाले ते पुढे कोणी देऊ शकले नाही. पण श्रोत्याला कान आहेत आणि विवेक नाही, हे त्यांचे गृहीत मात्र वर्धा जिल्ह्याच्या अनुभवास उतरत नाही.

या साधनाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पुस्तिका लिहिणारे आणि भजनी मंडळात बसणारे प्रायः पुरुष. स्त्रियांचे मत त्यांत येत नाही. भाद्रपद-आश्विनात म्हटल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांना छापील 'चाल' नसते, कारण ती आईकडून मुलीकडे तोंडोतोंड जातात. लग्नातील मंगलाष्टके मात्र हौशी नातलगांनी लिहून छापून घेतलेली असत, आणि त्यांच्या चालींत रेडिओचा प्रवेश स्पष्ट दिसतो. घरोघरी जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात असे कागद अजून मिळू शकतात. ते रद्दीत जाण्यापूर्वी गोळा झाले पाहिजेत.

पुस्तिकांवर बहुधा प्रकाशनवर्ष नसते, म्हणून अभ्यासक त्यांना हात लावीत नाहीत. परंतु 'चाल'ची ओळ येथेही उपयोगी पडते. ज्या पुस्तिकेत 'मिलन'मधील गीताची चाल दिली आहे ती १९६७ पूर्वीची असू शकत नाही, आणि तीतील सर्वांत नवी चाल ज्या चित्रपटाची असेल त्या वर्षानंतर फार काळाने ती छापली गेली नसावी, कारण पदकर्त्यास ताजी चाल हवी असे. एकाच पदाच्या दोन आवृत्त्यांत चाल बदललेली आढळली, तर मधल्या काळात पहिले गीत लोकांच्या स्मरणातून गेले असे अनुमान करता येते. नाणी आणि खापरे यांवरून स्तर ठरविण्याची जी पद्धत पुरातत्त्वात आहे, तिच्याशी हे काम मिळतेजुळते आहे.

मात्र या साधनास काळाची मर्यादा आहे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भजने व भीमगीते दोन्ही ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली. चाल आता कानाने शिकता येऊ लागली, तेव्हा ती कागदावर सांगण्याची निकड कमी झाली आणि पुस्तिकांतील ती कंसातली ओळ हळूहळू दिसेनाशी झाली.